सोळाव्या सोमवारी घोड्यावर

"देवा, माझा गुडघा तेवढा बरा कर. आयुष्यात एकदा घोड्यावर बसता येईल, एवढाच. मग मी तुझे सोळा सोमवार करीन."

असं मी महादेवाला बोलले, तेव्हा देवळात माझ्या पाठीमागे आमचे हे उभे होते. बाहेर पायऱ्यांवर चपला घालताना म्हणाले, "सोळा सोमवार? त्यात तुला काय कठीण? साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर रताळ्याचे काप. इतर दिवशीपेक्षा उपासाला तू जास्त जेवतेस. देवाला कशाला फसवतेस?"

"मग काय बोलू?"

"तुला जड जाईल असं बोल. दिवसभर गप्प राहीन म्हण."

बघा! गुडघा माझा, नवस माझा, आणि शांतता कोणाला? पण मीसुद्धा हट्टी. चपला काढल्या, परत आत गेले आणि हात जोडून म्हटलं, "सोमवारी सूर्य मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. निघालाच, तर पहिल्यापासून सोळा!" यांनी त्या दिवशी न सांगता नारळ आणला आणि स्वतःच्या हाताने फोडला. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढी भक्ती मी यांच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती.

तर त्या नवसाची ही फजिती. हसणार तर तुम्ही आहातच, निदान चहाचा कप आधी खाली ठेवा. आणि मी ही गोष्ट समोर बसून बोलायची सोडून लिहीत का बसलेय, तेही कळेल ओघाने.

घोड्याचं वेड मला कुठून लागलं, देव जाणे. माझं माहेर सावर्ड्याच्या आत, डोंगराच्या कुशीत. गावात गाई, म्हशी, बैल, बकऱ्या, पण घोडा म्हणाल तर कॅलेंडरवर! ते कॅलेंडर मी तीन वर्षं भिंतीवरून उतरवू दिलं नाही. आई बिचारी तारखा बघायला शेजारी जायची. जत्रेत चक्रीचा पाळणा यायचा, त्यातल्या लाकडी घोड्यावर बसले की मी उतरायचीच नाही. बाबा मला कानाला धरून खाली काढायचे.

पुढे लग्न ठरलं. यांच्या मुंबईच्या मामांना भारी हौस. भाच्याची वरात घोड्यावरून काढायचीच म्हणून कुठून तरी पांढराशुभ्र घोडा आणला. मांडवाच्या फटीतून सगळ्या बहिणी नवरा बघत होत्या. मी काय बघत होते, ते सांगायला हवं का? बहिणीने विचारलं, "कसा आहे गं?" मी म्हटलं, "मानेचे केस काय सुंदर आहेत!" यांच्या डोक्यावर तेव्हाही टक्कल पडायला लागलं होतं. तिथेच सगळं फुटलं. तेव्हापासून आमच्या घरात कोणीही आलं की हे सांगतात, "हिने होकार घोड्याला दिला, सोबत मी आलो."

पण त्या घोड्यावर हे बसले. मी नाही. मग मुलं झाली, सासूबाईंचं आजारपण झालं, आणि हात जरा मोकळे झाले तोवर गुडघा गेला. म्हणून तो नवस.

महादेवाने तो ऐकला, पण त्याची तऱ्हा बघा! त्याने मला वैद्य नाही पाठवला, शुभदा पाठवली.

शुभदा आमची शेजारीण. शाळेत पीटीची बाई होती. निवृत्त झाली, पण गळ्यातली शिटी काही सोडली नाही. तिने आमच्या आळीतल्या पन्नाशीपुढच्या बायका गोळा केल्या. आधी गुडघ्याचे व्यायाम, मग रत्नदुर्गाची चढण, मग सायकल आणि शेवटी भाट्याच्या खाडीत वल्हवायची ती प्लास्टिकची होडी. कयाक म्हणतात तिला. पहिल्या दिवशी मी त्या होडीत दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि सवयीने म्हटलं, "चल रे राजा!" होडी जागच्या जागी गोल फिरली. किनाऱ्यावर शुभदा शिटी वाजवून वाजवून लाल झाली.

"सुनंदावहिनी, ही होडी आहे! टाच कसली मारताय?"

पण खरं सांगू? मजा यायला लागली हो. पाणी, वारा, कांदळवनातले बगळे. गुडघाही कुरकुरायचा थांबला. फक्त परत येताना भाट्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे दिसायचे, आणि माझं वल्हं हवेतच राहायचं.

"वहिनी, एक काय ते ठरवा," शुभदा ओरडायची. "घोडा की होडी?"

मला दोन्ही हवं होतं. या वयात एक गोष्ट सापडली म्हणून दुसरी का सोडायची? मी ठरवलं, सोमवार पुरे होऊ देत. सतराव्याला उद्यापन करीन आणि मग विधिपूर्वक घोड्यावर बसेन.

आणि आला सोळावा सोमवार!

नेमकी त्याच दिवशी शुभदाने होड्यांची फेरी ठेवली. रविवारी किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड असते, आणि सोमवारी भरतीही दुपारची सोयीची होती. मी खुणेने होकार दिला. पंधरा सोमवार मी खुणांवर संसार केला होता, माझ्या खुणा आता घरातल्या मांजराला कळत होत्या. नवसाचा चुरमा करून डब्यात भरला. गव्हाचा, तूप-गूळ घालून. त्याचे तीन वाटे, एक महादेवाचा, एक गाईचा, एक घरच्यांचा. होडीतून उतरले की परस्पर देवळात जायचं ठरलं होतं. हे तिथे स्कूटर घेऊन येणार होते.

डबा शुभदाच्या गाडीत ठेवता आला असता. मोबाईल आणि चष्मा ठेवलाच होता. पण त्या बायकांची भूक मला ठाऊक! महादेवाला रिकामा डबा दाखवायची वेळ आली असती. म्हणून पाणी शिरत नाही अशा पिशवीत डबा घातला आणि पिशवी कमरेला बांधली.

खाडीत सगळं छान चाललं होतं. बाकीच्या पुढे गेल्या, मी एका खंड्या पक्ष्याच्या नादात मागे राहिले. आणि ओहोटी लागली. होडी हळूहळू समुद्राच्या दिशेला निघाली. मी वल्हवतेय उजवीकडे, होडी जातेय डावीकडे. "शुभदा" एवढा एक शब्द पुरे होता. पण सोळावा सोमवार! एका हाकेत पंधरा सोमवार पाण्यात!

बुडू नये म्हणून घातलेल्या फुगीर जॅकेटला एक शिटी होती. शिटी म्हणजे बोलणं की नाही? पोथीत शिटीबद्दल काही लिहिलेलं नाही. मी महादेवाची मनात क्षमा मागितली आणि जोरात वाजवली. पण शुभदा दिवसभर शिट्या मारत असताना माझ्या शिटीकडे बघतंय कोण? तिला वाटलं आपल्याच शिटीचा प्रतिध्वनी.

देवाची कृपा एवढी, की पाण्याने मला समुद्रात न नेता खाडीच्या मुखाजवळच्या वाळूवर आणून टाकलं. होडी उलटली, मी गुडघाभर पाण्यात बसले, एक लाट डोक्यावरून गेली. उठून उभी राहते तर समोर कोण?

घोडा!

तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका. मला बघून त्याने कान टवकारले आणि सरळ माझ्या कमरेच्या पिशवीला तोंड लावलं. गूळ आणि तूप! याला म्हणतात नाक. घोड्यामागून त्याचा मालक सोपान धावत आला. हा घाटावरचा माणूस, हंगामापुरता भाट्याला घोडा घेऊन येतो. त्याच्यामागून शहाळी विकणारी एक मावशी, भाट्यातलीच.

"आवो ताई, कुटनं आलासा? लागलं का?"

मी मान हलवली.

"काय गो बाय, बोलत का नायस?" मावशीने विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं, मग तोंडापुढे हात हलवला. बोलायचं नाही, असं.

"मुकी हाय वाटतं," सोपान हळहळला.

मी घाईघाईने मान हलवली. नाही हो, मुकी नाही! सूर्य मावळला की बोलेन. हे कसं सांगायचं? मी सूर्याकडे बोट दाखवलं, मग तो हात हळूहळू पाण्याकडे खाली नेला. किती सोपी खूण! आमच्या मांजराला कळली असती.

मावशीने छातीवर हात मारला. "अगो माजे आये! बुडाला! हिचा कोणतरी बुडाला!"

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. नाही, नाही!

"बघ, बघ, हात कसे मारत होता ते सांगताय," मावशीला रडू फुटलं. "कोण गो बाय? घोव काय तुजा?"

आता माझी अवस्था बघा. लाटेने कपाळावरचं कुंकू धुऊन गेलेलं. मंगळसूत्र त्या फुगीर जॅकेटच्या आत. मावशीने माझ्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. आमचे हे त्या वेळी घरी बसून खुशाल चहात बिस्कीट बुडवत होते, आणि इकडे भाट्याला त्यांच्या नावाने रडणं सुरू!

मला एकदम सुचलं. लिहायचं! ओल्या वाळूत मी बोटाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आज माझं मौन आहे." आणि बाजूला होऊन दाखवणार, तेवढ्यात तो घोडा चुरम्याच्या वासाने पुढे आला आणि चारही खुरांनी त्यावर उभा राहिला. मावशीने वाकून उरलेलं वाचलं. "आज… माजा…" आणि परत रडायला लागली. "आजच गेला गो!"

एव्हाना पंधरा-वीस माणसं जमली होती. दोघं पाण्यात शिरून यांना शोधायला लागली. कोणीतरी म्हणालं, पोलीस पाटलाकडे वर्दी द्यायला हवी. कोणी म्हणालं, बाई चालेल कशी, पायात जीव नाही. तेव्हा सोपान पुढे झाला.

"माज्या बंड्यावर बसवू. निवांत नेतो. मानूसकी हाय का न्हाई?"

आता इथे मी काय करायला हवं होतं? हात जोडून, मंगळसूत्र बाहेर काढून, काहीतरी करून हा गोंधळ थांबवायला हवा होता. कोणाही शहाण्या बाईने थांबवला असता. मीसुद्धा मान हलवून नाही म्हणणार होते. पण खाली बघते तर माझा डावा पाय रिकिबीत! तो तिथे कधी गेला, कोणी टाकला, महादेवाला माहीत. मी त्याला विचारलंही नव्हतं.

आणि मी घोड्यावर बसले.

काय सांगू! वरून समुद्र वेगळाच दिसतो. बंड्याची मान गरम होती आणि ओलसर. मी तिच्यावर हात ठेवला आणि मला एकदम रडू आलं. खाली मावशीने ते पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, "रडू दे तिला. मोकळी होऊ दे."

सोपान दोर धरून चालत होता आणि मला धीर देत होता. "घाबरू नगा. ह्यो पूर्वी जत्रंच्या शर्यतीत पळायचा, आता गरीब झालाय. फकस्त लगाम वडू नगा, वडला की आनिकच पळतोय. थांबवायचं झालं तर तोंडानं 'होऽ' म्हनायचं, जाग्याव थांबतोय बगा." मग त्याने स्वतःच जीभ चावली. "पर तुमास्नी कुटं बोलाय येतंय! ऱ्हाऊ द्या. मी हाय की."

तेवढ्यात लांब पुलाच्या बाजूने मला लाल-पिवळी जॅकेटं दिसली. शुभदा आणि बाकीच्या मला शोधत वाळूतून पळत येत होत्या. झाली सुटका! आता शुभदा सगळ्यांना समजावून सांगेल. त्यांचं लक्ष वेधायला मी काय केलं असेल?

शिटी वाजवली. अगदी जीव खाऊन.

जत्रेतली शर्यत शिटीवर सुटते, हे मला कोणी सांगितलं होतं का?

बंड्याने असा झेप घेऊन दोर ओढला, की सोपान वाळूत आडवा. आणि आम्ही सुटलो! मागून आरडाओरडा. "होऽ म्हना! ताई, होऽ म्हना!" आणि मग त्याचाच आवाज, "आरं देवा, ती मुकी हाय रंऽऽ!"

मी घाबरून लगाम ओढला. बंड्या आणखी जोरात. सुरूची झाडं सर्रकन मागे जातायत, पाणी दोन्ही बाजूंनी उडतंय, कमरेला डबा खुळखुळतोय. एक 'हो' म्हटलं की सुटका होती. एकच अक्षर! पण समोर सूर्य अजून हातभर वर. श्रावणापासूनचे सोमवार डोळ्यांपुढे आले. बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला मी मुक्याने बसले होते. गॅसवाल्याशी मुक्याने भांडले होते. ते सगळं या शेवटच्या घटकेला घालवू?

नाही! मी दात आवळले, बंड्याची आयाळ घट्ट धरली आणि सूर्याकडे नजर लावली. ये रे बाबा खाली. लवकर ये.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, यांना सांगू नका. थोड्या वेळाने मला भीती वाटेनाशी झाली. पाठ आपोआप सरळ झाली. लहानपणी त्या लाकडी घोड्यावर डोळे मिटून मी जे बघायची, तेच उघड्या डोळ्यांनी चाललं होतं. मनात आलं, सूर्या, सावकाश आलास तरी चालेल.

किनाऱ्याच्या टोकाला बंड्या वळला आणि परत गर्दीकडे सुसाट निघाला. समोर मावशीची शहाळ्यांची गाडी. मी मान वळवून पाहिलं. सूर्य नव्हता! समुद्राच्या वर नुसती गुलाबी-करडी पट्टी. मावळला! हर हर महादेव!

"होऽऽऽऽ!"

चार महिन्यांचा साठलेला आवाज होता तो. बंड्या जागच्या जागी थांबला. मी नाही थांबले. मी त्याच्या मानेवरून पुढे गेले आणि मावशीच्या पायाशी वाळूत बसले, जशी काही नमस्कारालाच आलेय.

मग सोपान ओरडला, "बोलली! मुकी बाई बोलली!"

"बंड्यानं वाचा दिलीन गो!" मावशीने एक शहाळं घेतलं आणि घोड्याच्या पायाशी फोडलं. लोक हात जोडायला लागले. एक बाई आपल्या लेकराला बंड्याच्या नाकाला टेकवत होती. बंड्याचं कशाकडेच लक्ष नव्हतं. माझी पिशवी फाटून डबा उघडला होता, आणि महादेवाचा, गाईचा आणि घरचा असे तिन्ही वाटे तो एकटा खात होता.

तेवढ्यात हेही धापा टाकत पोचले. मी दिसेनाशी झाले तेव्हाच शुभदाने फोन केला होता.

"हे कोण?" मावशीने विचारलं.

"हे आमचे हे."

"अगो, मग बुडाला कोण?"

आता मला कोण अडवणार? मी सुरू झाले. मी मुकी नाही, हे बुडालेले नाहीत, गुडघा, महादेव, ओहोटी, शिटी, सगळं एका दमात. लोक आ वासून ऐकत होते. सोपान यांना हळूच म्हणाला, "बगा सायेब, कसं धो धो बोलाय लागल्यात!" हे म्हणाले, "दिलेली वाचा तुमचा घोडा परत घेतो का?"

"अहो, चमत्कार कसला?" मी मावशीला समजावलं. "साधा नवस होता. सोमवारी सूर्य मावळेपर्यंत बोलायचं नाही, एवढंच."

मावशीने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे पाहिलं.

"मावळेपर्यंत? मग तो काय गो तो?"

मी वळले.

ढगाची पट्टी संपली होती, आणि तिच्या खालून, समुद्राच्या चार बोटं वर, सूर्य बाहेर आला होता. वाटोळा, तांबडालाल. चष्मा नसतानाही स्वच्छ दिसत होता.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"आता कशाला दाबतेस?" हे म्हणाले. "तो पण ऐकत होता ढगामागून."

तर सोळा सोमवार पहिल्यापासून सुरू आहेत. आज तिसरा. म्हणून तर बोलायची सोडून लिहीत बसलेय! आमचं आता ठरून गेलंय. रविवारी शुभदाबरोबर होडी, आणि सोमवारी भाट्याला बंड्या. सोपान पैसे घेत नाही, मी चुरमा नेते. चौथा वाटा घोड्याचा, महादेवाची हरकत दिसत नाही. शिटी घरी ठेवते.

लोकांना मात्र अजून पटलेलं नाही. उशिरा बोलणारी मुलं घेऊन आया बंड्याकडे येतात. मी समोरून घोड्यावर चाललेली असते, सोमवार असतो, मला तोंड उघडता येत नाही. मग मावशी शहाळं तासता तासता त्यांना हळहळून सांगते, "हीच गो ती बाय. त्या दिवशी बोलली ती बोलली. परत वाचा गेली बिचारीची."

तेव्हा माझं एक ऐका. मुलांसाठी, नवऱ्यासाठी, नातवंडांसाठी आपण पुष्कळ नवस बोलतो. एक तुमच्या स्वतःच्या हौसेसाठी बोला. लाजू नका, देव काही कोणाला सांगत नाही. घोडा असो, होडी असो, नाहीतर दोन्ही. फक्त बोलून झाल्यावर नवऱ्याचा सल्ला घेऊ नका. आणि फेडायच्या दिवशी चष्मा लावून जा.